राजधानी सातारा बघायचाय, वडिलांना घेऊन. कास सोडून काय काय बघावं?

इंदूरकर_मृणाल

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच, घरात मराठी बोलतो पण महाराष्ट्रात येणं होतं ते लग्नकार्यापुरतं. बाबा शाळेत इतिहास शिकवायचे, आता ७६ वर्षांचे आहेत, गुडघे त्रास देतात पण स्मरणशक्ती अजून खणखणीत. रायगड त्यांना मागे रोपवेने दाखवून आणला. आता त्यांचं एकच चाललंय की शाहू महाराजांची (संभाजी महाराजांच्या मुलाची) राजधानी बघायचीय. म्हणतात पुणं पुणं सगळे करतात पण पेशव्यांना वस्त्रं कुठून मिळायची, साताऱ्याहून, अगदी दुसऱ्या बाजीरावापर्यंत, मग ते गाव मी बघितलं नाही तर मुलांना आयुष्यभर काय शिकवलं.

मी नेटवर शोधायला बसले तर सगळीकडे कास पठार, ठोसेघर, बामणोली, रिसॉर्टचे फोटो आणि स्विमिंग पूल. राजधानी म्हणून साताऱ्यात नेमकं काय उरलंय, ते कुठल्या क्रमाने बघायचं, हे कुणीच नीट लिहिलेलं सापडलं नाही.

आमचा विचार सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तीन-चार दिवस. सोबत मिस्टर (त्यांना ट्रेकिंगची आवड, वासोटा डोक्यात आहे) आणि ११ वर्षांची मुलगी. इंदूरहून पुण्यापर्यंत रेल्वे, पुढे गाडी करू. विचारायचंय ते असं की शहरात राहावं की बाहेर, बाबांना अजिंक्यतारा आणि सज्जनगड झेपेल का, आणि आजूबाजूच्या गावांमधलं असं काय आहे जे त्या राजधानीशी जोडलेलं आहे. नुसते धबधबे नकोत, म्हणजे धबधबेही चालतील पण तेवढेच नकोत. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

दोन_चाकं

तुमच्या तारखा एकदम बरोबर आहेत, कासचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. ऑनलाइन बुकिंग आधी करा, दिवसाला ३००० माणसांचीच मर्यादा आहे आणि शनिवार-रविवार लवकर भरतात. शक्यतो मधल्या वारी जा आणि सकाळी लवकर जा, दुपारी धुकं आलं की फुलं राहिली बाजूला, समोरची गाडी दिसत नाही. वासोट्याला बामणोलीहून बोटीने जावं लागतं, पावसाळ्यात बंद असतो, तो कोयना अभयारण्यात येतो त्यामुळे वनखात्याची परवानगी लागते. पाऊस लांबला तर सुरू व्हायलाही उशीर होतो, त्यामुळे मिस्टरांना सांगा निघायच्या आधी चौकशी करून घ्या. पूर्ण दिवसाचं काम आहे, बाबांना त्यात नेऊ नका.

कंदी पेढे मोती चौकातून घ्या. बाकी इतिहासाचं जाणकार सांगतील.

गोडोलीकर

मृणालताई, तुमच्या बाबांचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. माझा जन्म साताऱ्यातला, आणि हायवेवरून महाबळेश्वरला जाणारे लोक 'साताऱ्यात काय आहे' असं म्हणून पुढे निघून जातात तेव्हा खरंच वाईट वाटतं. सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. साताऱ्यात एक वास्तू बघितली आणि राजधानी बघून झाली असं होत नाही. भव्य म्हणावं असं शहरात फार थोडं शिल्लक आहे. पण किल्ला, त्याच्या उतारावर उतरत गेलेलं शहर, डोंगरातून आणलेलं पाणी, पूर्वेला नद्यांचा संगम आणि चारी बाजूंना दिसणारे किल्ले, हे सगळं मिळून राजधानी आहे, आणि ते सगळं आजही जागच्या जागी आहे. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी आधी अजिंक्यताऱ्यावर जा. गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते, त्यामुळे बाबांना झेपेल, पुढे थोडी चढण आहे ती सावकाश करायची. वर मंगळाईचं देऊळ आहे, तळी आहेत, पण मुख्य काम म्हणजे तटावर उभं राहून खाली आणि लांब बघायचं. पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, नैऋत्येला सज्जनगड, पूर्वेला जरंडेश्वर, ईशान्येकडे चंदन-वंदन ही जोडगोळी आणि कल्याणगड, उत्तरेकडे वैराटगड. हवा स्वच्छ असेल तर बाबांना नुसतं बसू द्या तिथं, नकाशा आपोआप उलगडतो. ही जागा राजधानीसाठी का निवडली हे तिथं उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही.

किल्ला मूळचा शिलाहारांच्या काळातला. राजाराम महाराजांनी १६९९ च्या सुमाराला साताऱ्याला राजधानी केली आणि त्याच वर्षाच्या शेवटी औरंगजेब स्वतः येऊन किल्ल्याखाली बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. वेढा चार महिने चालला, एप्रिल १७०० मध्ये मुघलांनी सुरुंग लावले, पहिल्यात तट ढासळून प्रयागजी स्वतः ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले, दुसरा सुरुंग उडाला तो उलटा आणि तट मुघलांच्याच सैन्यावर कोसळला. तरी राजाराम महाराज मार्चमध्येच सिंहगडावर वारले होते, मदत येण्याची आशा राहिली नव्हती, शेवटी किल्ला द्यावा लागला. औरंगजेबाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढे तो परत मिळवला आणि १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथंच झाला. सातव्या वर्षी मुघलांच्या कैदेत गेलेला मुलगा अठरा वर्षांनी सुटून येतो आणि याच गावात छत्रपती होतो, मुलीला ही गोष्ट किल्ल्यावरच सांगा, खाली हॉटेलात सांगू नका.

खाली उतरलात की शहर. शाहू महाराज सुरुवातीला किल्ल्यावर राहायचे, नंतर खाली पेठा वसवल्या, त्यालाच शाहूनगर म्हणायचे. आज तुम्ही राजवाडा, मोती चौक, मंगळवार तळं, फुटकं तळं, कमानी हौद, समर्थ मंदिर असं पायी फिरलात तर ते जुनं शहर पायाखाली येतं. सगळं उताराचं आहे, वरचा रस्ता आणि खालचा रस्ता अशी विभागणी अजून लोकांच्या तोंडात आहे. बाबांना वरून खाली चालवा, खालून वर रिक्षा करा.

एवढी तळी आणि हौद कशाला असं वाटेल, तर शहर डोंगराच्या उतारावर आणि नदी लांब खाली, त्यामुळे पाणी वरूनच आणायला लागायचं. पश्चिमेला महादरेचं तळं आहे ते बघाच, तिथलं हत्तीतळंही दाखवतील लोक, आणि आजूबाजूचं रान आता फुलपाखरांसाठी राखीव आहे. पुढे इंग्रजी अमलात कासला तलाव बांधला आणि डोंगराच्या कडेने उघड्या पाटाने पाणी शहरात आणलं, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर. शहराच्या पश्चिम भागात आजही कासचं पाणी येतं. लोक फुलं बघायला कासला जातात आणि आम्ही ते पाणी प्यायलो, त्यामुळे त्या पठाराकडे बघायची आमची नजरच वेगळी असते.

संग्रहालय एसटी स्टँडजवळ आहे, शिवाजी महाराज संग्रहालय. लंडनहून आलेली वाघनखं २०२४ च्या जुलैत आधी इथंच ठेवली होती, नंतर ती नागपूरला नेली, त्यामुळे खास त्यासाठी येत असाल तर ती आता नाहीत. पण शस्त्रं आणि बाकीच्या जुन्या वस्तूंसाठी बाबांना तिथं वेळ द्या.

राहायला शहरातच राहा. राजवाडा किंवा पोवई नाका, दोन्हीकडे साधी चांगली लॉज-हॉटेलं आहेत. संध्याकाळी राजवाड्यासमोर गांधी मैदानावर खाण्याच्या गाड्या लागतात, तिथं बसून समोर राजवाडा बघायचा.

मोडी_वाचक

गोडोलीकरांनी छान लिहिलंय. मी थोडी पुढची भर घालतो, कारण साताऱ्याची गोष्ट १७४९ ला शाहू महाराज गेल्यावर संपली असं बरेच जण धरून चालतात आणि त्यात प्रतापसिंह महाराजांवर मोठा अन्याय होतो.

आज जो जुना राजवाडा दिसतो तो प्रतापसिंहांच्या काळातला. १८१८ नंतर इंग्रजांनी त्यांना गादीवर ठेवलं, पहिला रेसिडेंट (दरबारातला इंग्रजांचा अधिकारी) ग्रँट डफ. प्रतापसिंहांनी शहरात रस्ते, पाणी, शाळा यांची बरीच कामं केली, आणि चार भिंती म्हणून जी टेकडीवरची जागा आहे तीही त्यांच्याच काळातली. १८३९ मध्ये इंग्रजांनी त्यांच्यावर कटाचे आरोप ठेवून पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं, तिथेच १८४७ मध्ये ते गेले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे बारा-तेरा वर्षं भांडत राहिले. १८४८ मध्ये त्यांच्या जागी बसवलेले धाकटे भाऊ शहाजी महाराज वारले, दत्तक वारस नामंजूर केला आणि डलहौसीने संस्थान खालसा केलं. झाशी, नागपूर नंतर, आधी सातारा. बाबांना हे ठाऊकच असणार पण चार भिंतींवर उभं राहून १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक बघताना या सगळ्याचा धागा लागतो. गेंडामाळावर त्या वर्षी सप्टेंबरात साताऱ्याच्या क्रांतिकारकांना फाशी दिलं, तोफेच्या तोंडी दिलं. तिथेही नक्की जा.

राजवाड्यात सगळीकडे आत सोडतील असं धरू नका, बाहेरून बघायची तयारी ठेवा. पण एक सांगतो, याच राजवाड्यात सरकारी हायस्कूल भरायचं आणि ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव इंग्रजी पहिलीत इथेच घातलं गेलं. शाळेला आता प्रतापसिंहांचं नाव आहे. छत्रपतींच्या वाड्यात बाबासाहेब शिकले, ही एकच गोष्ट मला साताऱ्यात यायला पुरेशी वाटते, आणि तुमच्या मुलीच्या वयाच्या आसपासचेच होते ते तेव्हा.

आता शहराबाहेरचं, राजधानीशी थेट जोडलेलं.

क्षेत्र माहुली. शहरापासून पाचेक किलोमीटर पूर्वेला, कृष्णा आणि वेण्णेचा संगम. ही छत्रपतींच्या घराण्याची अंत्यसंस्कारांची जागा. येसूबाईंची समाधी इथे, ताराबाईंची इथे. येसूबाई औरंगजेबाच्या कैदेत गेल्या त्या १७१९ मध्ये परत आल्या, म्हणजे तीस वर्षांनी, आणि शेवटचे दिवस साताऱ्यात काढले. ताराबाई तर औरंगजेबाशी लढल्या, शाहूंशी भांडल्या, पेशव्यांशी भांडल्या, पानिपतनंतर १७६१ मध्ये गेल्या. या दोघींच्या समाध्या एकाच ठिकाणी आहेत आणि तिथे रोज किती लोक जातात तर जवळजवळ कोणीच नाही. विश्वेश्वराचं देऊळ दगडी कामासाठी बघा, पलीकडच्या काठावर रामेश्वर. शाहू महाराजांचा खंड्या नावाचा कुत्रा होता, त्याने शिकारीत महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात, त्याचंही स्मारक घाटावर आहे, मुलीला आवडेल. रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. पावसाळ्यात घाटावर पाणी येतं, सप्टेंबरअखेरपर्यंत बहुतेक उतरलेलं असेल पण पायऱ्या शेवाळलेल्या असतात, बाबांचा हात धरा.

लिंबची बारा मोटेची विहीर. पुण्याकडून येताना साताऱ्याच्या अलीकडे लिंब फाट्याला आत वळायचं, उसाच्या रानांमधून रस्ता जातो. १७१९ ते १७२४ मध्ये वीरूबाईसाहेब भोसले यांनी बांधवली, शिलालेख आहे. विहिरीच्या पोटात दगडी महाल आहे, खांबांवर कोरीव काम आहे, वर बारा मोटा एकाच वेळी चालतील अशी सोय, आणि हे सगळं आसपासच्या आमराईला पाणी देण्यासाठी. वरून वाकून बघितलं तर अष्टकोन आणि त्याला जोडलेला चौकोन असा आकार दिसतो, शिवलिंगासारखा. पायऱ्या ऐसपैस आहेत, बाबा उतरू शकतील, नाहीच जमलं तर वरूनही सगळं दिसतं. विहीर नुसती बघून परत फिरू नका, आत महालाच्या झरोक्याशी बसा थोडा वेळ, दुपारीसुद्धा आत गारवा असतो.

औंध थोडं लांब पडतं, पण पंतप्रतिनिधींची गादी तिथली. प्रतिनिधी म्हणजे दरबारात पेशव्यांच्या बरोबरीचं, शाहूंच्या सुरुवातीच्या काळात तर वरचढच पद. तिथलं श्री भवानी संग्रहालय १९३८ सालचं आहे, भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं. रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे. डोंगरावर यमाई. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट वाईजवळ आहे, घाटावर वसईच्या मोहिमेतून आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. वेळ कमी पडला तर मेणवली सोडा, औंध सोडू नका.

इंदूरकर_मृणाल

काय सांगू, बाबांना फोनवर मोठ्याने वाचून दाखवलं सगळं. येसूबाई आणि ताराबाई एकाच ठिकाणी हे ऐकून ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले माहुली आधी. खूप खूप आभार.

अजून दोन शंका. सज्जनगडाच्या पायऱ्या त्यांना जमतील का? आणि कासला जावं की नाही यावर घरात दोन पक्ष पडलेत, मुलीला फुलं बघायचीत, बाबा म्हणतात गर्दीत काय जायचं.

जावळी_खोरं

ताई, मी मेढ्याकडचा, कासच्या पलीकडच्या उतारावर आमचं गाव. जा की कासला, पण कसं जायचं ते सांगतो.

कास म्हणजे जांभ्याचा कातळ. वर माती जेमतेम, काही ठिकाणी तर बोटभर. पाऊस पडला की त्या तेवढ्या मातीत आणि कातळाच्या खळग्यात सगळं उगवतं, दर आठवड्याला रंग बदलतो. तुम्ही येणार त्या वेळी तेरड्याचा गुलाबी गालिचा ओसरत आलेला असंल, सोनकीचा पिवळा असंल, पाणथळ जागी गेंद आणि सीतेची आसवं असतील. सीतेची आसवं निळी-जांभळी इवलीशी, आणि ती किडे खाणारी वनस्पती हाय, मुळाशी बारीक पिशव्या असत्यात त्यात पाण्यातले किडे ओढून घेती, शाळेतल्या मुलीला ही गंमत खाली वाकून दाखवा. वायतुरा नावाचं इंग्रजी वाय सारखं फूल पाण्यात येतं, ते बहुतेक आधीच होऊन गेलेलं असंल. टोपली कारवी दरसाल येत नाही, सात-आठ वर्षांनी एकदा, त्यामुळं तिची आशा धरून येऊ नका. पठार २०१२ ला जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पश्चिम घाटाचा भाग म्हणून, आणि तेव्हापासून गर्दी वाढली. पायवाट सोडून कातळावर फोटोसाठी पाय टाकला की तिथली माती जाती आणि माती गेली की फूल परत यायला किती वर्षं लागतील देव जाणे. मुलीला आधीच सांगून आणा.

कासवरून परत फिरू नका, तसंच पुढं बामणोलीला या. रस्ता खाली उतरतो आणि समोर शिवसागर दिसतो, कोयना धरणाचं पाणी. लोक तिथं बोटीत बसत्यात, फोटो काढत्यात, पण त्या पाण्याखाली आमची गावं हायत हे कुणी सांगत नाही. धरण साठच्या दशकात झालं, खोऱ्यातली माणसं उठली, कुणी ठाण्या-रायगडाकडं गेली, कुणी डोंगरात वर सरकून राहिली. माझ्या आज्जीचं माहेर पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की जुन्या देवळांचे दगड उघडे पडत्यात आणि म्हातारी माणसं तिथं जाऊन नारळ फोडून येत्यात. तुमचे बाबा इतिहासाचे मास्तर, त्यांना राजधानीबरोबर हेबी बघू द्या. चंद्रराव मोऱ्यांची जावळी, शिवाजी महाराजांनी १६५६ ला घेतली ती, ती हीच. राजधानीला माणसं कुठनं मिळाली तर ह्याच खोऱ्यांतनं. २६/११ ला कसाबला धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे आमच्याच तालुक्यातले, केडंब्याचे.

त्या दिवसात भात पोटरीला आलेलं असतं, उतारावर नाचणी आणि वरी. रस्त्याला घरगुती जेवण मिळतं, चुलीवरची भाकरी, पिठलं, झणझणीत ठेचा. मोठ्या रिसॉर्टपेक्षा तिथं जेवा, पैसा गावात राहतो. आधी फोन करून सांगितलं तर बरं, आयत्या वेळी दहा माणसांच्या भाकरी थापायला वेळ लागतो.

दोन_चाकं

@जावळी_खोरं पायवाटेचं सगळं मान्य, पण मग पठाराला कुंपण होतं ते काढायला नको होतं असं मला वाटतं. कुंपण होतं तेव्हा निदान लोक आत घुसत नव्हते.

जावळी_खोरं

दादा, कुंपणानं माणसं थोडी थांबली पण गुरंबी थांबली. आमची गुरं पिढ्यान्‌पिढ्या त्या पठारावर चरत होती. ती चरायची म्हणून गवत आखूड राहायचं आणि बारक्या फुलांना ऊन मिळायचं. कुंपण पडलं, चराई बंद झाली, गवत माजलं आणि फुलं कमी व्हायला लागली, हे गावातली माणसं पहिल्यापास्नं सांगत होती, शिवाय रानातल्या जनावरांच्या वाटा अडल्या त्या वेगळ्या. म्हणून २०२२ ला काढलं. आता कास, एकीव, आटाळी, कुसुंबीकडची गावातलीच पोरं राखण करत्यात, ती माणसं ओळखत्यात, कुठं पाय पडू द्यायचा आणि कुठं नाही हे त्यांना कळतं. कुंपणाला ते कळत नव्हतं.

दोन_चाकं

चराईचा मुद्दा पटला. तरीपण रविवारी सात-आठ पोरं एवढ्या गर्दीला कशी पुरणार हा प्रश्न राहतोच, माणसं वाढवायला पाहिजेत.

गोडोलीकर

सज्जनगडाबद्दल लिहायचं राहिलं होतं. बोगद्यातून बाहेर पडलं की साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर. गाडी बरीच वर जाते पण शेवटी दगडी पायऱ्या आहेत, सलग नाही पण गुडघ्याला जाणवतात. बाबांचा कस एकाच दिवशी दोन्ही गडांवर लावू नका. सकाळी लवकर जायचं, थांबत थांबत चढायचं, पायऱ्यांना कठडा आहे, दरवाजात बसायला सावली आहे. वर समर्थांची समाधी, त्यावर राममंदिर, आणि दुपारी सगळ्यांना पंगतीत प्रसाद असतो, आमटी-भात आणि गव्हाची खीर. तो प्रसाद चुकवू नका. मागच्या बाजूला धाब्याच्या मारुतीकडे गेलं की खाली उरमोडीचं धरण दिसतं आणि वारा असा असतो की टोपी धरून ठेवावी लागते.

बाबांचे गुडघे त्या दिवशी नको म्हणत असतील तर सज्जनगड सोडा आणि त्याऐवजी पाटेश्वर नको, तिथेही चालावंच लागतं. माहुली आणि लिंब जास्त सावकाश बघा. मिस्टर आणि मुलगी पाटेश्वरला जाऊन येतील, देगावच्या पुढे, जंगलातून अर्ध्या तासाची वाट, वर कमळांचं कुंड आणि शिवलिंगांचे इतके प्रकार कोरलेले की मोजता मोजता मुलीचा दिवस जाईल.

मोडी_वाचक

मृणाल, एक विनंती. लिंबचा शिलालेख बाबांना स्वतः वाचू द्या, तो देवनागरीतच आहे आणि बऱ्यापैकी स्पष्ट आहे. आम्ही लोक जाऊन लगेच वाचून दाखवायला लागतो, ते नको.

इंदूरकर_मृणाल

सगळ्यांचं वाचून मी आणि बाबांनी मिळून असं ठरवलंय. पुण्याहून येतानाच लिंबची विहीर, मग शहरात मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी अजिंक्यतारा, दुपारी विश्रांती, संध्याकाळी राजवाडा, तळी आणि चार भिंती. पुढच्या दिवशी मधला वार बघून कास आणि बामणोली, जेवण गावातच, नंबर मिळाला की आधी फोन करेन. त्याच्या पुढच्या दिवशी औंध. सज्जनगड बाबांच्या गुडघ्यावर सोपवलाय. वासोटा या वेळी नाही, मिस्टर डिसेंबरात मित्रांबरोबर येतील म्हणतात. बाबांनी आतापासून वही काढलीय आणि मुलीला रोज संध्याकाळी एकेक प्रकरण सांगतायत, काल प्रयागजी प्रभूंपर्यंत आले.

फक्त माहुली कुठे बसवायची ते कळत नाहीये. बाबा आधी म्हणतात पण पहिला दिवस लिंबमध्येच जाईल. आणि परत जाताना आम्ही साताऱ्याहूनच रेल्वेने पुण्याला जायचं म्हणतोय, मुलीला तो घाटाचा मार्ग बघायचाय.

गोडोलीकर

मग सोपं झालं. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन शहरात नाहीच, ते माहुलीलाच आहे. शेवटच्या दिवशी सामान घेऊनच हॉटेल सोडा, सकाळी उजाडता उजाडता संगमावर जा, त्या वेळी घाटावर पूजेला आलेले दोन-चार गावकरी सोडले तर कोणी नसतं, बाबांना हवा तेवढा वेळ मिळेल. तिथून स्टेशन दहा-पंधरा मिनिटांवर. दुपारच्या सुमाराला कोयना एक्सप्रेस मुंबईकडे जाते, पुण्याला थांबते, वेळ मात्र निघायच्या आधी बघून घ्या आणि डाव्या बाजूच्या खिडक्या पकडा. स्टेशनवर खायला फारसं काही मिळत नाही, डबा शहरातूनच बांधून घ्या.